नानांचं खोबरेल

माझी गाडी मेली, हे मला माझ्या मुलाने फोनवर सांगितलं. गाडी मुलुंडला, माझ्या खिडकीखाली उभी. मुलगा अंधेरीला, त्याच्या ऑफिसात. तरी मेल्याची बातमी तिकडून इकडे आली.

झालं होतं असं. गाडी दोन दिवस सुरू होत नव्हती. चावी फिरवली की नुसतं कुरकुर करायची आणि गप्प. मुलाने, म्हणजे अनिरुद्धने, हायवेवरच्या एका मोठ्या, काचेच्या सर्व्हिस सेंटरमधून माणूस पाठवला. त्या माणसाने सोबत आणलेली बॅटरी जोडून गाडी सुरू केली, मीटर लावला, मोबाइलवर फोटो काढले आणि मीटर गुंडाळून ठेवला. मी शेजारी त्याच्यासाठी चहाचा कप घेऊन उभी होते. काय झालंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सरांना सांगतो." चहा मात्र माझ्याकडून घेतला.

गाडी माझ्या नावावर आहे. लायसन्स माझं आहे. एवढी वर्षं ती चालवली मी, तिचं पीयूसी काढलं मी, पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओच्या रांगेत उभी राहून पुन्हा पास करून आणली मी. आणि सर कोण, तर ज्याने ती कधी धुतलीसुद्धा नाही तो.

"आई, अल्टरनेटर गेलाय," अनिरुद्ध म्हणाला. "म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो ना, तो भाग. या मॉडेलचा आता मिळत नाही. तो माणूस म्हणाला, यात जीव नाही राहिला." भंगारात गाड्या घेणाऱ्याशी तो बोलूनही बसला होता. रविवारी सकाळी ट्रक येणार होता.

 मी म्हटलं, "खरंच मेली असेल तर घेऊन जा." उगाच मढं दारात ठेवून रडणारी बाई मी नाही. शब्द दिला तो दिला.

त्यानंतर जानकीला फोन करावा लागला.

जानकी कांबळे आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसायचो. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ, आणि साहेबाची पाठ वळली की एकमेकींच्या डब्यात हात. ती अकोल्याकडची, मी कणकवलीची. तिच्या घरी भाकरीबरोबर ठेचा, माझ्याकडे सुक्या बांगड्याचं किसमूर, आणि दोघींना आपापल्यापेक्षा दुसरीचंच आवडायचं. त्या खोलीतल्या बाकीच्या बायका एकेक करून गेल्या. कोणी मुलाकडे परदेशात, कोणी कायमची. उरलो आम्ही दोघी. ती गोवंडीला राहते. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. बसची पायरी तिला चढता येत नाही, रिक्षात वाकून शिरता येत नाही. माझ्या गाडीत मात्र पुढची सीट पार मागे सरकवली की आधी बूड टेकून मग पाय एकेक करून आत घेता येतात. याचा शोध आम्ही दोघींनीच लावला. दर गुरुवारी मी तिला घेते, पवई तलावाच्या कठड्यापाशी गाडी लावते, आणि आम्ही काचा खाली करून बसतो. उतरत नाही. उतरायचं कशाला, मगरी दिसायच्या तर गाडीतूनही दिसतात. आजवर दिसल्या नाहीत.

गाडी भंगारात चालली म्हटल्यावर जानकी म्हणाली, "बरं झालं गं. मलापण आताशा बसून बसून पाठ दुखते." खोटं बोलताना जानकीचा आवाज एक्स्चेंजमधला होतो, गोड आणि सपाट, 'कृपया प्रतीक्षा करा' वाला. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. घरात बसवेना, म्हणून खाली गेले. दसरा होऊन पंधरवडा उलटला होता. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते ती नुसती वरवर नाही. बाहेरून हार, चाकाखाली लिंबं, हे सगळे करतात. आमचे हे होते तेव्हापासून आम्ही बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू लावतो आणि बॅटरीपाशी आपट्याचं पान नि झेंडूचं एक फूल ठेवतो. चालते ती खरी ही, वरचा पत्रा नाही, असं हे म्हणायचे. पूजेची फुलं भंगारात जाऊ द्यायची नाहीत, ती काढून घ्यावीत, एवढ्यासाठी मी बॉनेट उघडलं.

उघडलं आणि नाकात वास शिरला. खोबरेल तेलाचा. गाडीच्या इंजिनात पेट्रोलचा वास येतो, जळक्या रबराचा येतो, उंदीर मेला तर त्याचाही येतो. पण डोक्याला लावायच्या तेलाचा वास मला जन्मात कधी आला नव्हता.

वासाच्या मागे बोट गेलं ते पट्ट्यावर. इंजिनाची चकती फिरते, तिच्यावरून एक रबरी पट्टा जातो आणि तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला आणि अल्टरनेटरला फिरवतो. गॅरेजवाले त्याला बेल्ट म्हणतात. माझ्या गाडीला एसी नाही, म्हणून असा पट्टा एकच. तो तेलाने चकचकत होता. आतल्या बाजूला भेगा, कडेचे दोरे निघालेले. अंगठ्याने दाबला तर शिळ्या घावनासारखा लोळला.

आणि मला कशेडीचा घाट आठवला. आमची पहिली गाडी, सेकंडहँड, गणपतीला गावी निघालेलो, मागच्या सीटवर अनिरुद्ध उलट्या करतोय, मांडीवर मखराचं सामान. घाटात फट् असा आवाज झाला आणि इंजिन तापायला लागलं. पट्टा तुटला होता. त्या काळी डिकीत जास्तीचा पट्टा असल्याशिवाय मुंबईबाहेर कोणी गाडी काढत नसे. ह्यांनी तो चढवला, पान्याच्या दांड्याने अल्टरनेटर मागे रेटून धरला, मला बोल्ट आवळायला लावला आणि मग माझा अंगठा धरून पट्ट्यावर दाबला. बोटभर दबला पाहिजे, म्हणाले. जास्त दबला तर घसरेल, मुळीच नाही दबला तर तुटेल. पुढे ही गाडी मी घेतली तेव्हाही पहिल्याच दिवशी ह्यांनी मला तेच करायला लावलं. माणूस गेला, अंगठा राहिला.

घसरणारा पट्टा अल्टरनेटर फिरवत नाही. अल्टरनेटर फिरला नाही की बॅटरी भरत नाही. मग मीटर लावा नाही तर कुंडली मांडा, अल्टरनेटर गेला असंच दिसणार. तो काचेच्या घरातला माणूस माझा चहा पिऊन गेला आणि त्याने पट्ट्याला बोटसुद्धा लावलं नाही.

पण तेल आलं कुठून, हे कळायला मला फार विचार करावा लागला नाही. नवरात्रात गाडी सकाळी सुरू करताना किंचाळायला लागली होती. चीऽऽ करून सगळी सोसायटी उठायची. दसऱ्याच्या पूजेनंतर ते किंचाळणं एकदम थांबलं. पूजेचा गुण आला, असं सगळे म्हणाले. मग चारआठ दिवसांत समोर बॅटरीचा लाल दिवा लागून राहू लागला, आणि मग गाडी बंद. पूजेला आरती घेऊन उभी मी, आणि बॉनेटपाशी कोण, तर नाना.

नाना म्हणजे माझे धाकटे दीर, तळमजल्यावर राहतात. गिरणी बंद झाली तेव्हापासून सगळ्या बिल्डिंगची दुरुस्ती त्यांच्याकडे आहे, म्हणजे त्यांनीच ती घेतली आहे. मी सरळ त्यांच्या दारात गेले आणि विचारलं.

"व्हय तर, मियांच घातलंय," नाना म्हणाले. लाज नाही, काही नाही. "वयनी, ता केवढ्यान बोंबलत होता. दाराची बिजागरी करकरली तर आपण काय करतंव? तेलच घालतंव मा? बोंबलायचा थांबला का नाय?"

"भाऊजी, तो पट्टा आहे. तो धरून ठेवायला असतो. तुम्ही त्याला न्हाऊमाखू घातलंत."

"चमचाभरच घातलंय ओ."

इतकी वर्षं मी या माणसाला जेवायला वाढते आहे.

वर येऊन अनिरुद्धला फोन लावला. सगळं सांगितलं, पट्टा, तेल, नाना. त्याने मीटिंगमधून बाहेर येऊन ऐकलं, हे तो मला दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "आई, एक्सपर्टने मीटर लावून सांगितलंय. आणि तू वास घेऊन सांगतेस."

"तुझ्या एक्सपर्टला नाक नव्हतं का?"

तो हसला नाही. मग जे बोलला ते त्याने आधीच बोलायला हवं होतं. "खरं सांगू? अल्टरनेटर असो नाही तर बेल्ट असो. तू चौऱ्याहत्तरची आहेस. मला रोज ऑफिसात धास्ती असते. गाडी आपणहून बंद पडली, तर बरंच झालं असं वाटलं मला."

 म्हणजे मरायची होती ती गाडी नव्हती. मला बसवून ठेवायचं होतं, आणि ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मेल्याचा दाखला गाडीच्या नावाने फाडला. धास्ती मला नव्हती का? हा शाळेच्या सहलीला जायचा तेव्हा, पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा, रात्रपाळी करायचा तेव्हा? मी काय त्याची मोटरसायकल भंगारात घातली? माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, मला त्याच्यापेक्षा लांबचं दिसतं. गाडीवर एक ओरखडा आहे, तोही सोसायटीच्या टँकरवाल्याने दिलेला. हात थरथरायला लागले की किल्ली मी स्वतः टेबलावर ठेवीन, हे मी त्याला मागेच सांगितलं होतं. ते त्याच्या लक्षात नव्हतं. मॉडेलचा पार्ट मिळत नाही, हे बरोबर लक्षात राहिलं.

हे सगळं मी त्याला म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "मी शब्द दिला तो 'मेली असेल तर' असा दिला. तुझ्या सोयीने मेली असेल तर, असा नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. "रविवारी ट्रक आल्यावर सुरू करून दाखव. सगळे लाइट लावून चालली पाहिजे. नाही चालली तर मग पुन्हा विषय नको."

मी हो म्हटलं.

स्टेशनजवळ विशाल नावाचा मेकॅनिक आहे. हातात कला आहे, तोंड त्याहून मोठं. त्याला आणलं. त्याने बोल्ट सैल करून पट्टा काढला आणि दोन बोटांत मेल्या सापासारखा उचलून धरला. "काकू, वाट लावलीत की. याची भजी तळायची होती का?" मी त्याला नानांचं दार दाखवलं. बॅटरी चार्जिंगला तो घेऊन गेला, पण पट्टा त्याच्याकडे नव्हता. आणला तर बसवतो म्हणाला. मुलुंडमध्ये दोन दुकानं फिरले, नाही मिळाला. तेव्हा शुक्रवारी तो तेलकट पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाने साकीनाक्याला गेले.

साकीनाक्याच्या त्या गल्लीत एकेकाळी मी ह्यांच्याबरोबर यायची. तेव्हा दुकानदार स्टूल पुढे करायचे. आता पहिल्याच दुकानातल्या पोराने पिशवीत डोकावून विचारलं की आजी, हे घरी शोकेसमध्ये ठेवायचं ना. दुसऱ्याने मान वर न करता नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने मला नवीन गाडी घ्यायचा सल्ला दिला. सल्ला द्यायला या शहरात कोणी मागे नाही. हातातली वस्तू बघायला सांगितली की सगळ्यांना घाई होते. चौथं दुकान चंद्रप्रकाश नावाच्या एका जाड्या माणसाचं होतं. तोही आधी नाहीच म्हणत होता. पट्ट्यावरचा नंबर तेलाने पुसला गेलाय, नंबराशिवाय देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या काउंटरवर पट्टा पसरला आणि म्हटलं, नंबर नसेल तर मापाने द्या, मी बाजूला होणार नाही. मागे गिऱ्हाइकं जमली. त्याने कुरकुरत चार पट्टे काढले, एकेक करून माझ्या पट्ट्याशेजारी ताणून धरले. तिसरा बरोबर बसला. मी दोन घेतले. एक डिकीत ठेवायला.

शनिवारी विशाल नवा पट्टा चढवायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. ज्या चकत्यांवर पट्टा बसणार त्याही तेलाने माखल्या होत्या. नवा पट्टा त्यावर चढवला तर दोन दिवसांत तोही जुन्याच्या वाटेने जाणार. विशाल म्हणाला, काकू, तेवढं चालतं. मी म्हटलं, तेवढं चालतं म्हणूनच इथवर आलोय. मग मी नानांना हाक मारली. त्यांचीच जुनी बंडी त्यांच्या हातात दिली, विशालने वाटीभर पेट्रोल दिलं, आणि आमच्या नानांनी बॉनेटमध्ये अर्धं अंग घालून तिन्ही चकत्यांच्या खाचा पुसून काढल्या. कुठे राहिलं ते मी दाखवत होते. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. नानांना वाटलं त्यांचं काम बघायला जमलीत, म्हणून ते मधून मधून वर बघून मान हलवत होते.

पट्टा चढला. विशालने अल्टरनेटर रेटून धरला, बोल्ट आवळला. मी अंगठ्याने दाबून बघितला. जास्त सैल होता. पुन्हा आवळायला लावला. आता बोटभर दबला. बॅटरी बसवली. पण चावी मी फिरवली नाही. विशाल म्हणाला, बघा तरी एकदा. मी म्हटलं, उद्या. नाही व्हायची तर ती एकदाच, सगळ्यांसमोर नाही होऊ दे.

रविवारी सकाळी ट्रक आला. अनिरुद्ध आला, सून रश्मीही आली. तिने येताना माझ्यासाठी खरवस आणला होता, म्हणजे आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं. ट्रकवाला साखळी सोडवायला लागला. मी गाडीत बसले. चावी धरली तेव्हा मला वाटलं, नाही झाली तर जानकीला काय सांगू. दुसरं काहीच मनात आलं नाही.

चावी फिरवली. एका झटक्यात सुरू झाली. किंचाळली नाही. समोरचा लाल दिवा लागला आणि विझला.

अनिरुद्ध खिडकीशी आला. "लाइट लाव." लावले. "वायपर." लावले. "पंखा फुल." तोही केला. कोणी न सांगता मी हॉर्नही दिला, बराच वेळ दिला. लाल दिवा विझलेलाच राहिला. तेव्हा माझा मुलगा पुढे जाऊन, आठवड्यात पहिल्यांदा, बॉनेटमध्ये बघायला वाकला. काय बघितलं त्यालाच ठाऊक. ट्रकवाल्याने साखळी परत गुंडाळली. चालू गाडी आम्ही उचलत नाही, म्हणाला, आणि अनिरुद्धकडे असं बघितलं की रश्मी तोंडाला पदर नसताना पदर लावायला गेली.

मी पहिला गिअर टाकला.

"कुठे चाललीस?"

"गोवंडीला."

"थांब, मी चालवतो."

"मागे बस," मी म्हटलं. "पुढे जानकी बसायची आहे."

तो बसला. पुढची सीट मागे सरकवलेली, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला लागले. हायवेवर भांडुपच्या पुढे आरशात पाहिलं, तर प्रत्येक सिग्नलला त्याचा उजवा गुडघा ब्रेक दाबल्यासारखा खाली जात होता. हेही असंच करायचे, शेजारच्या सीटवर बसून. मला थोडी दया आली. राग गेला नाही. तो अजून गेलेला नाही. पण धास्ती खोटी नव्हती, एवढं दिसलं. विक्रोळीला त्याने विचारलं की समोरच्या ट्रकच्या मागची पाटी मला वाचता येते का. मी वाचून दाखवली. मग त्याच्यापुढच्या ट्रकची वाचून दाखवली. 

जानकी दाराबाहेर खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. गाडी बघितली आणि मेथीची परडी मांडीवरून खाली गेली. ती उचलायची सोडून ती उठायला लागली. गाडीपर्यंत आली, सीटवर बूड टेकलं, एक पाय आत घेतला, दुसरा आत घेतला, दार लावलं. मग मान वळवून मागे बघितलं.

"हा कोण गं सुगंधे? क्लीनर ठेवलास?"

"नवीन आहे," मी म्हटलं. "अजून बॉनेट उघडायला शिकतोय."

"पाठ दुखत होती ना तुझी?" मी विचारलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि काच खाली केली.

पवईला आम्ही तासभर बसलो. मगर दिसली नाही. परत येताना अनिरुद्ध म्हणाला की दर गुरुवारी निघताना आणि पोचल्यावर एक मेसेज करत जा. मी म्हटलं, करीन. एवढं त्याने पहिल्यांदाच मागितलं असतं तर मी आनंदाने केलं असतं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आम्ही सोसायटीच्या गेटमधून आत आलो तेव्हा नाना चारपाच जणांना गोळा करून उभे होते. गाडी मुकाट्याने आत येताना बघून त्यांनी तिच्याकडे हात केला.

"आयकलास? जरासुद्धा आवाज नाय. मियां दसऱ्याक तेल घातलंय तेव्हाच सांगलंय, पण आमच्या वयनीक दम नाय. अरे, तेल मुराक वेळ लागता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी जे गॅलरीत उभे राहून बघत होते त्यांनीही. अनिरुद्ध हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी वर गेले, प्लास्टिकच्या पिशवीतला तो जुना पट्टा काढला, खाली आले आणि नानांच्या दाराच्या कडीत तोरणासारखा अडकवून ठेवला. सकाळी दार उघडताना तोंडासमोर यावा, सगळ्या बिल्डिंगने बघावा, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन येत होते. नानांनी मला थांबवून ती कडी दोनदा मागेपुढे सरकवून दाखवली.

"बघा वयनी, कशी सुळसुळीत झाली. काल करकरत होती."